कानातली बोंडं

देविकाच्या कानातली ती कापसाच्या बोंडासारखी पांढरीशुभ्र इअरबड्स बघितली की तनुजाच्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलायचं! लातूरच्या होस्टेलवर दोघी एकाच खोलीत, एकाच मेसचं पाणचट वरण खाणाऱ्या. पण देविका नांदेडच्या प्राध्यापकाची लेक, क्लासच्या पहिल्या बॅचमध्ये. अन् बिलोलीकडची तनुजा तिसऱ्या. पुढच्या चाचणीत मार्क वाढले तरच बॅच बदलणार. 'तिच्या कानात ते हाय म्हणून तिला जमतंय,' हे तनुजानं पक्कं ठरवून टाकलं होतं. नाचता येईना, अंगण वाकडं!

रविवारी आई, साखराबाई, भेटायला आली. पोरीनं तिला थेट गोलाईच्या बाजारातल्या दुकानात नेलं. दुकानदारानं तीन जोड मांडले: एक वायरीचा, एक बिनवायरीचा साधा, अन् एक देविकासारखा, बाहेरचा आवाज पार बंद करणारा. साखराबाईनं तो कानात घालून बघितला. ऑटोचे हॉर्न, रसवंतीचे घुंगरू, सगळं एकदम गप्प. तिनं घाबरून दोन्ही बोंडं उपसून काढली.

"हे नगं, बाई. साधं घे. कुणी हाक मारली तर ऐकू याया पायजे."

तिचं माहेर किल्लारीकडचं. भूकंपात दहा वर्षांची साखरा मातीखाली होती. चुलत्याच्या कानावर तिची हाक पडली म्हणून वाचली. तनुजाला हे लहानपणापासून पाठ होतं. तरी ती फणकारली, "देविकाच्या आईनं घेतलंच की! तिची आई शिकलेली हाय."

 साखराबाईनं तोच, आवाज बंद करणारा जोड बांधायला सांगितला.

आई गेटवरून स्टँडकडं गेली अन् तनुजानं वर येऊन क्लासच्या टॅबवर लेक्चर लावलं. वा रे वा! मेसची भांडी न्हाईत, कुणाची बडबड न्हाई. थोड्या वेळानं देविकानं तिचा खांदा हलवला, काहीतरी म्हणाली. तनुजानं तोऱ्यात हात उडवला. देविका चपला घालून निघून गेली. 'जळून राहिली,' असं वाटून तनुजाला लई बरं वाटलं.

लेक्चर संपल्यावर ती खिडकीशी आली. होस्टेलात मोबाइल रेक्टरबाईकडं जमा अन् घरच्यांना वर बंदी, म्हणून सगळेच आईबाप गेटवरून हाका मारायचे. गेटवर आई उभी होती, पिशवीत राहिलेली धपाटी घेऊन परतलेली. समोर देविका धपाटं खात होती. आईनं तिच्या तोंडावरून हात फिरवला अन् आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

तनुजानं बोंडं ओढून काढली. "आई! ए आई!"

पण तोवर साखराबाई ऑटोत बसली होती, अन् ऑटो सुरू झाला होता.

देविका वर आली. "किती हाका मारल्या काकूंनी! म्हटलं, पुन्हा बोलावते. तर म्हणाल्या, नको, अभ्यास करून राहिली."

उरलेली धपाटी तिनं तनुजाच्या हातात दिली. तनुजा मात्र देविकाच्या गालाकडं बघत राहिली. इतका जळफळाट तिचा त्या बोंडांपायीसुद्धा कधी झाला नव्हता.