ओटा कुठं हाय?

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. त्यामुळे त्या दिवशी माझं जे हसं झालं, ते मोकळेपणाने सांगायला मला बरीच वर्षं लागली.

शहाण्णव सालची गोष्ट. नेरूळ गावातली कौलारू घरं संपून सेक्टर सुरू होतो, तिथल्या एका गल्लीत पुतळाबाईंचं बैठं घर होतं. ते पाडून खाली दुकानं आणि वर तीन मजले फ्लॅट असं काम निघालं. बिल्डर केयूरभाई आणि आर्किटेक्ट मी, सुचित्रा. दुसऱ्याच्या ऑफिसात सहा वर्षं रेघा मारल्यावर माझ्या स्वतःच्या नावावरचं हे पहिलंच काम. केयूरभाईंनी स्पष्ट बजावलं होतं, "मॅडम, शनिवारपर्यंत बाईंची सही आणा. नाहीतर वाशीच्या एका माणसाकडे प्लॅन तयार आहे, तो घेतो." त्या तयार प्लॅनमध्ये गल्लीच्या बाजूला नुसती शटरं होती, पार रस्त्याला चिकटून.

पुतळाबाईंची मागणी एकच. "ओटा पायजे. लांब. आनि तोंड रस्त्याकडं."

मी म्हटलं वा, बाईंना स्वयंपाक करता करता रस्ता बघायचाय! आठवडाभर नुसता जीव काढला. किचन सहसा मागे ठेवतात, कारण सांडपाण्याचे पाइप मागच्या भिंतीवरून उतरतात. मी सगळ्या फ्लॅटची किचनं उचलून पुढे आणली, पाइप कोपऱ्यात लपवले, आणि पुतळाबाईंच्या फ्लॅटला तर दहा फुटी ग्रॅनाइटचा ओटा दिला. अशी खूश होते म्हणून सांगू स्वतःवर!

शुक्रवारी संध्याकाळी त्यांच्या दारात बसून प्लॅन पसरला. शेजारच्या रंगूबाईही मेथी निवडत बसल्या होत्या. त्या मूळच्या साताऱ्याकडच्या, नवरा तुर्भ्याच्या मार्केटात हमाल.

"ओटा कुठं हाय?" पुतळाबाईंनी कागदावर बोट फिरवलं.

"हा बघा. दुसऱ्या मजल्यावर."

"दुसऱ्या माल्यावर?" त्यांनी रंगूबाईंकडे पाहिलं. "आनि हिचे गुडघे? ही चढनार कशी?"

"रंगूबाई तुमच्या किचनमध्ये कशाला चढतील?" माझा आवाज तापलाच.

"ओटा किचनमदी?"

"मग कुठे असतो?"

दोघींनी एकदम खाली बोट दाखवलं. आम्ही तिघी ज्याच्यावर बसलो होतो, तो घरापुढचा लांबलचक ओटा.

"अगं आई गं!" रंगूबाई हसत सुटल्या. "ग्यासवर बसवताय का काय आमास्नी!" मेथी मांडीवरून खाली सांडली. पुतळाबाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी दादरला चाळीत वाढलेली, ओटा म्हणजे गॅस ठेवायची जागा एवढंच मला माहीत. म्हणे दहा फुटी ग्रॅनाइट!

हसू ओसरल्यावर पुतळाबाई म्हणाल्या, "बाय, घर पाडनार त्याचं वाईट नाय वाटत. पोरांना संडास-मोरी घरात पायजे, बरोबर हाय त्यांचं. पन आमी सात जनी रोज हितं बसतो. ओटा गेला का जिचं तिचं दार बंद. मंग मी कोनाशी बोलू? ओटा नाय तर सही नाय."

म्हणजे उद्या शनिवार आणि काम गेलं. मला रागही येत होता आणि रडूही. तोंड लपवायला काहीतरी हवं म्हणून पर्समधला टेप काढला आणि ओटा मोजायला लागले. रुंदी तीन फूट, उंची दीड फूट.

"एवढा उंच कशाला बांधलाय?"

"पावसात गल्लीत पानी भरतं ना."

माझी ट्यूब पेटली. पाणी भरतं म्हणजे दुकानांचं जोतंही दीड फूट उचलावं लागणार. मग चढायला पायऱ्या हव्यात, आणि पायऱ्या काही रस्त्यावर काढता येत नाहीत. म्हणजे शटरं तीन फूट मागे सरकणारच! वाशीच्या त्या शहाण्याने हे धरलेलंच नव्हतं. दोन ठिकाणी पायऱ्या काढल्या की बाकी सगळी जागा ओट्याला मोकळी.

नाक्यावरच्या पीसीओतून केयूरभाईंना फोन लावून हे सगळं सांगितलं.

"मॅडम, दुकानापुढे बायका बसल्या तर गिऱ्हाईक येणार कसं?"

"अहो, त्या बायकाच तुमच्या दुकानांचं गिऱ्हाईक! आणि मालात पाणी शिरलं की दुकानवाले कुणाला शोधत येतील? मला नाही, तुम्हाला!"

"पाणी किती भरतं म्हणालात?"

"रंगूबाईंच्या गुडघ्यापर्यंत."

"ठीक आहे," ते म्हणाले. "करा ओटा."

रात्री किचनं मुकाट्याने मागे नेऊन ठेवली. शनिवारी सकाळी नवा प्लॅन घेऊन गेले, तर पुतळाबाईंनी पेन्सिल माझ्याच हातात दिली. "लिव. हितं मी. बाजूला रंगूबाई."

"अहो, पास करायच्या प्लॅनवर माणसांची नावं लिहीत नाहीत!"

"तू लिव. मंग सही."

वाद घालण्यात अर्थ नव्हता. सात जणींची नावं ओट्यावर ओळीने लिहिली. पुतळाबाईंनी एकेक अक्षर जपून काढत सही केली आणि माझा जीव भांड्यात पडला. मग सवयीने मापं ताडून बघितली. "ओटा चोवीस फूट झालाय. सात जणींना एकवीस पुरतात. तीन फूट उरतात, तिथे झाडाची कुंडी ठेवू."

"उरत नाय काय," पुतळाबाई म्हणाल्या. "तितं तुजं नाव लिव. संध्याकालची कुटं जातेस गं तू?"

कुठेही जात नव्हते. सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये चार वर्षं राहत होते आणि समोरच्या दारामागे कोण राहतं, हेही मला माहीत नव्हतं. मी माझं नाव लिहिलं. आर्किटेक्ट असूनही अक्षर वाकडं आलं.

"पर नुसतं बसाय येऊ नगा," रंगूबाई म्हणाल्या. "शेंगा सोलाय लागत्याल."