रामचंद्राला सगळं कळतं

मेंदूत रक्तस्राव होऊन रामचंद्र आडवा झाला, त्याला महिना उलटून गेला होता. गोव्यातल्या लाटंबार्से गावचा हा टिपरचालक एरवी कुणाला बोलू द्यायचा नाही. आता वाचा गेलेली, उजवं अंग लुळं; नुसता छताकडे बघत पडून असे. घरी सोडताना डॉक्टर तेजस्विनीने त्याच्या बायकोला, सुमंगलाला, एमआरआयची चित्रं संगणकावर दाखवली.

"मावशी, समजून घेण्याची वाट शाबूत आहे. बोलण्याची वाट रक्ताने दाबली गेलीय, पण तुटलेली नाही. सहा-सात महिन्यांत शब्द येतील असा अंदाज आहे. अंदाजच हं, हमी नव्हे."

सुमंगलाला पटलं नाही. याच डॉक्टरने ती चित्रं अभ्यासासाठी वापरायची म्हणून तिची एका कागदावर सही घेतली होती. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकत होती.

"फोटोत बोलणां दिसता?" वाटेत ती जावेला, गंगाला, म्हणाली. "ह्येंका आपले फोटो काढूचे आसत, म्हणान आमका गोड बोलतत."

घरी तिने नवऱ्यावर पाळत ठेवली. हाक मारली की तो मान वळवी. पण मान काय, वासरूही वळवतं. शेवटी एका सकाळी तिने अंगणातून गंगाला मुद्दाम मोठ्याने सांगितलं, "टिपर विकलो गे! कारापूरचो माणूस उद्या नेतलो."

आत काहीतरी आदळलं. ती धावली. खाटेजवळचा पेजेचा वाडगा जमिनीवर सांडला होता, आणि रामचंद्र डाव्या हाताने कड धरून उठू बघत होता. डोळे तिच्यावर रोखलेले.

"खोटां सांगलंय," ती घाईने म्हणाली. "टिपर हंयच दारात, खळ्यात उभो आसा."

तो हळूहळू निवला.

म्हणजे डॉक्टर खरं बोलत होती. आनंद व्हायला हवा होता; सुमंगलाला मात्र आपलंच एक वाक्य आठवलं. इस्पितळात चौथ्या दिवशी, त्याच्या उशाशी उभी राहून ती गंगाला म्हणाली होती, "असां पडान रवण्यापेक्षा देवान न्हेल्यान तर बरां." तेही त्याने ऐकलं असणार.

दोन दिवस ती त्याच्या नजरेला नजर देईना. तिसऱ्या दिवशी भरवता भरवता तिचा हात थांबला.

"तुमी आयकलात मां? त्या दिवशी माझां मन थाऱ्यार नव्हतां."

 रामचंद्र तिच्या हातातला चमचा काढून घेऊन डाव्या हाताने स्वतःच जेवू लागला.

सातव्या महिन्यात शब्द आले, तोडके, अडखळत. पाणी. च्या. पंखो. सुमंगला प्रत्येक शब्द कानात प्राण आणून ऐके. त्या दिवसाचा विषय त्याने काढला नाही. तो विसरला, की पुरते शब्द जमायची वाट बघतोय, हे तिला अजून कळलेलं नाही.