खाऱ्या पाण्यातला पितळी जोड

मी एक जुनी काचेची टाकी आहे. मित्रांनो, माझ्या एका कडेला ओरखडा आहे आणि पोटात खारं पाणी. पूर्वी मी एका दुकानात धूळ खात पडले होते. एका प्लंबरांनी मला घरी आणलं, माझे गळके सांधे भरले आणि लेकीच्या खोलीत मांडलं. तिने माझ्यात खडक रचले, मासे सोडले आणि एक समुद्रफूल आणलं. नाव फुलाचं, पण तो हाडांशिवायचा नाजूक प्राणी. एक नारिंगी मासा त्याच्या कुशीतच राहायचा. पाहुणे आले की आधी माझ्याकडे वळत, आणि मला कोण आनंद होई!

एकदा माझं पाणी साफ करणाऱ्या गाळणीच्या नळीचा प्लास्टिकचा जोड तडकला. बाबांनी तिथे जाडजूड पितळी जोड बसवला. नाकापेक्षा मोती जड. "आता बघायला नको. नातवंडांपर्यंत टिकेल," ते म्हणाले.

काही दिवसांतच समुद्रफूल आखडलं. त्याचं तोंड सैल पडलं, खडकावरची पकड सुटू लागली. लेकीने पाण्याचं तापमान पाहिलं, मीठ मोजलं, दिवा बदलला. मासे विकणाऱ्या दुकानदाराने फोनवर विचारलं, "टाकीत नवीन काही घातलंय का?"

"काहीच नाही," ती म्हणाली. दुरुस्तीला नवीन कोण म्हणतं? मासे ठणठणीत होते, त्यामुळे पाण्यावर कुणाचा संशय जाईना. मला सगळं ठाऊक होतं, पण मला वाचा नाही.

शेवटी आईने गाळणीत वाकून पाहिलं. जोडावर हिरवी पुटं चढली होती.

"अहो, हे कळकलंय. पितळेत मी आंबट वरण ठेवत नाही, आणि तुम्ही यातून खारं पाणी खेळवताय?"

बाबांचा चेहरा उतरला. "सगळा जन्म गोड्या पाण्यात गेला माझा. लक्षातच आलं नाही गं."

"बाबा, आधी तो काढा," लेक एवढंच म्हणाली.

त्यांनी जोड काढला. बादल्या भरभरून पाणी बदललं. पण पितळेतलं तांबं माशांना सोसलं, तरी समुद्रफुलात त्याचं विष भिनलं होतं. समुद्रफूल खडकावरून सुटलं आणि गेलं. लेक माझ्या काचेला कपाळ टेकून खूप रडली. बाबा शेजारी बसून राहिले. तिने त्यांना एका शब्दानेही बोल लावला नाही.

तो खडक अजून मोकळाच आहे. नारिंगी मासा त्याच्याभोवती फिरतो. हल्ली साधा स्क्रू बसवायचा असला तरी बाबा आधी तो लेकीसमोर धरतात आणि हळूच विचारतात, "हा चालेल ना गं यांना?"

मित्रांनो, माया करण्याआधी तुम्हीही एवढं विचारत जा. आम्हाला सांगता येत नाही.