आतली कडी, बाहेरची कडी

आटपाट काळेवाडी होती. तिथं खिडक्यांचे गज जोडणारा दत्तोबा होता, त्याची बायको सावित्रीबाई होती, एकुलती एक लेक कस्तुरा होती. आणि चौथी मी. त्यांच्या आतल्या खोलीची कडी बोलतेय. लोखंडाची आहे, पण सगळं ध्यानात आहे.

कुणाच्या तरी जिन्याचा कठडा करून तुकडा उरला, त्यातून दत्तोबानं मला घडवलं. कस्तुरा न्हातीधुती झाली, त्या आठवड्यातली गोष्ट. सावित्रीबाई म्हणाली, "दोन खोल्यांच्या घरात कडी कशाला? कोण राजा यायचाय?"

"पोर मोठी झाली. तिला वाटंल तवा दार लावता आलं पायजे," दत्तोबा म्हणाला, आणि मला दाराच्या आतल्या अंगाला बसवलं.

कस्तुराच्या बोटांची ऊब मला रोज मिळायची. केस विंचरताना ती आरशाशी काय बोलायची ते मी ऐकलंय. कुणाला सांगितलं नाही. पुढं ती चाकणला वायरी जोडायच्या कंपनीत लागली. कंपनीच्या बसनं जायची, शिफ्ट सुटली की दमून यायची आणि मला लावून आडवी व्हायची.

मग तिच्या मनाला दुखणं लागलं. ताप असता तर कपाळाला हात लावून कळला असता. कानात माणसं बोलतात, म्हणायची. एका दुपारी त्या माणसांच्या मागं चालत थेट हायवेवर गेली. कंटेनरवाल्यानं ब्रेक दाबला म्हणून वाचली.

त्याच दिवशी दत्तोबानं मला आतून काढलं आणि बाहेरून बसवलं. वर कुलूप. घाईघाईत एक स्क्रू तिरका गेला.

आतली कडी आपल्या मर्जीची, बाहेरची दुसऱ्याच्या. लोखंड तेच, बाई!

आता मला कुणाची ऊब नव्हती. जेवणापुरतं दार उघडायचं, ताट आत जायचं, पुन्हा बंद. शेजारणींना सांगितलेलं, कस्तुरा गावाला गेली. विमलबाईनं एकदा ऐकवलंच, "लेक गावाला, मग तीन ताटं कुणाची घासता हो?" सावित्रीबाईनं त्या दिवसापासून भांडी घरात घासली.

दोन वर्षं गेली. मग सरकारनं पैसा दिला आणि जवळच्या दवाखान्यात मनानं आजारी माणसांच्या हक्कांसाठी मदत केंद्र निघालं. विमलबाईनं तिथं कळवलं असणार, कारण तिथली उत्कर्षा एका मंगळवारी आली. आल्या आल्या तिनं माझ्याकडं पाहिलं. मला लाज वाटली.

"काका, आजारी माणसाला असं कोंडता येत नाही. कायदा आहे. औषध मिळणं, मोकळं राहणं, हा तिचा हक्क आहे."

"हक्क कंटेनरला कळतो का, बाई?"

ती भांडली नाही. दाराशी फरशीवर बसली आणि फळीतून कस्तुराशी बोलली. तीन मंगळवार बसली. चौथ्याला डॉक्टरीणबाईंना आणते, म्हणाली.

चौथ्या मंगळवारी नुसता फोन आला. "मावशी, निधीशिवाय आता मला येता येणार नाही."

सावित्रीबाईनं नवऱ्याला समजावलं, "निधी म्हंजी तिची जोडीदारीण असंल. एकटीला दारोदार हिंडायचं भ्या वाटत असंल."

तेव्हापासून दर मंगळवारी ती दोन कप चहा जास्तीचा ठेवायची. एक उत्कर्षाचा, एक निधीचा. चहावर साय धरायची. आतून थापा यायच्या, "आई, आली का गं?"

"न्हाई बाळा."

आधी दहा थापा यायच्या. मग दोन. मग नुसतं नख वाजायचं. मी सगळं अंगावर घेत होते, पण मला आपणहून सरकता येत नाही.

पोळ्याच्या आदल्या मंगळवारी उत्कर्षा दारात उभी. एकटीच. सावित्रीबाईनं तिच्या मागं वाकून पाहिलं. "आन निधी कुठाय?"

"निधी आला, मावशी! कालच आला."

"आला? बाप्या हाय व्हय त्यो?"

आणि आतून हसू फुटलं. "अगं आई, निधी म्हंजी पैसा! सरकारचा! तू पैशाला च्या ठिवत होतीस व्हय?"

दत्तोबा उठून दाराशी आला. घरातल्या तिघांत ज्या एकीला कळलं होतं, तिलाच येडी म्हणून त्यानं कोंडलं होतं. त्यानं कनवटीची किल्ली काढली.

डॉक्टरीणबाई आल्या, गोळ्या सुरू झाल्या. आवाज एकदम गेले नाहीत, पण लांब गेले. मी तशीच बाहेर लोंबत होते. एका रविवारी कस्तुरा म्हणाली, "आबा, कडी आत लावा. मला केस विंचरायचेत."

दत्तोबानं तिरका स्क्रू काढला. मला आत बसवलं. कस्तुरानं दार लोटलं आणि मला सरकवलं. बाहेरून दत्तोबानं हाक मारली, "कस्तुरा?"

"आबा, हाय मी," ती म्हणाली. केस विंचरले, वेणी घातली आणि आपल्या हातानं दार उघडलं.

बाहेरच्या फळीवर माझी भोकं अजून आहेत. बायांनो, बाबांनो, कुणाच्या दाराला बाहेरून कडी ठोकण्याआधी आतली थाप ऐका. कस्तुराला जशी तिची कडी मिळाली, तशी ज्याची त्याला मिळो.