पायाशी बसलेले चार वेद

गिरगावात श्यामकांतरावांची चित्रशाळा होती. दत्ताची तसबीर घ्यावी तर त्यांच्याकडचीच, असं गिऱ्हाईक म्हणायचं. आता खरं सांगायचं तर त्यातलं श्यामकांतरावांचं काय? तीन तोंडं! झाड, गाय, आभाळ आणि पायाशी बसलेले चार कुत्रे, सगळं परळच्या भिवाचं. पण देवाच्या तोंडाला ब्रश लावायची भिवाला मनाई. कारण सगळ्यांना ठाऊक, बोलत कुणी नव्हतं.

"हे कुत्रे म्हणजे चार वेद, बरं का," श्यामकांतराव गिऱ्हाइकाला समजावायचे. भिवा मनात हसायचा. कसले वेद! चाळीच्या नळापाशी लोळणारे कुत्रे ते. ज्याच्या आज्याच्या कानावर वेद पडायची बंदी, त्याच्याच हातून चारही वेद उतरत होते. हसायचा, पण आतून जळायचाही. त्या कुत्र्यांच्या नजरा तो वर, त्या तोंडांकडेच लावायचा. आपला हात पोचत नाही तिथे निदान त्यांनी तरी बघावं.

छप्पन साली भिवाने दादरला बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बायकोने, बकुळाने, घरातले देव उतरवले.

"आणि चित्रशाळेतले?" तिने विचारलं.

"मी देव कुठे काढतो गं? कुत्रे काढतो."

"बघा हां. शपथ घेतलीय."

पुढच्याच वर्षी श्यामकांतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. तसबिरीतली तोंडं कोरी राहिली. रस्त्यावरून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा चालला होता, तेव्हा त्यांनी आपला बारीक ब्रश भिवापुढे धरला.

"तोंडं आता तूच काढ. बाहेर सगळे मराठी एक म्हणतायत, मग आपण कसले वेगळे?"

भिवाचा हात आपसूक पुढे गेला. ते डोळे, ते ओठ त्याने मनात किती वेळा गिरवले होते! हात मध्येच थांबला.

"नाही जमायचं, शेठ. दीक्षा घेतलीय."

"अरे, देव समजूच नकोस. नुसता चेहरा समज."

भिवाचं डोकंच फिरलं. "पोरवयात मी हेच म्हणालो होतो तुम्हाला! नुसता चेहरा आहे, काढू द्या. तुम्ही म्हणालात, तो देव आहे, तुझ्या हाताने बाटेल."

श्यामकांतराव ब्रश तसाच हातात धरून बसले.

भिवा लवकर घरी आलेला बघून बकुळा घाबरली. "काय झालं?"

"आज मला देव दिला त्यांनी," भिवा म्हणाला आणि त्याला रडू फुटलं. "आता दिला गं. आता!"