भुयारांचा पाहुणा

"अबे गोवर्धन, काय शोधून राहिला बे?"

हातातला विळा थांबवून चंद्रभानने पुन्हा विचारलं. गोवर्धनने पुन्हा उत्तर दिलं नाही. त्याने छातीला लटकवलेला नकाशा पाहिला, सायकलच्या हँडलला सुतळीने बांधलेलं होकायंत्र पाहिलं आणि सायकल ढकलत तो उभ्या ज्वारीत शिरला. सख्ख्या भावाकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

ज्वारी लांबवर हलत गेली. मग वळली. मग इकडेच हलत आली. गोवर्धन त्याच धुऱ्यावर, त्याच बाभळीखाली, त्याच भावासमोर बाहेर पडला. पाटलोणीला कुसळं, टायरला गोखरू आणि चेहऱ्यावर शास्त्रीय भाव.

वावर त्याच्या बापाचं होतं, नत्थुजी भुयारांचं. बाभूळ त्याच नत्थुजींनी राखलेली. लहानपणी ह्या धुऱ्याच्या बांधावर गोवर्धनने ढोरं वळली होती आणि अंधारातही तो इथून घरी जात असे. आपल्याच वावरात रस्ता चुकायचा म्हणजे थोडंफार शिक्षण लागतं. गोवर्धन मॅट्रिक होता.

"मुका झाला काय बे? अमरावतीले जीभ काढून ठेवतेत काय तुमची?" चंद्रभान म्हणाला.

गोवर्धनने ओठ घट्ट मिटले. बोलणारा बाद, असा नियम होता.

हा नियम, हा नकाशा आणि ही स्पर्धा, तिन्ही गोष्टी प्रोफेसर कमलाकांतांनी परदेशातून आणल्या होत्या. तिकडे ते वर्षभर राहिले आणि येताना एक पाइप आणि एक खेळ घेऊन आले. पाइप ओढला की त्यांना खोकला येई, म्हणून त्यांनी खेळावर जोर दिला. तिकडचे लोक म्हणे सुटीच्या दिवशी सायकली घेऊन डोंगरात जातात, झाडाझुडपांत कोणी आधीच लपवून ठेवलेली निशाणं नकाशावरून शोधून काढतात आणि जिंकतात. काय जिंकतात, ते प्रोफेसरांनी सांगितलं नाही. आमच्याकडे सायकलवरून माणूस दूध घालायला जातो, कचेरीत जातो, फार तर सासुरवाडीला जातो. आधी ठेवलेली वस्तू शोधायला तो सायकल काढत नाही. ज्याने ठेवली त्यालाच विचारतो.

एकोणीसशे एकसष्टच्या दिवाळीनंतर अमरावतीच्या कँपातल्या विहार क्लबाने ही नकाशा-सायकल शोधस्पर्धा जाहीर केली. क्लबात वकील होते, डॉक्टर होते, प्रोफेसर होते. योजना सर्वांना एकदम पसंत पडली आणि सर्वजण एकदम पंच झाले. सायकल चालवायला कोणी उरलं नाही. मग बाहेरची माणसं बोलवावी लागली, आणि बाहेरची माणसं उगीच येत नाहीत म्हणून एक आमिष ठेवावं लागलं: स्पर्धा पुरी करील त्याला शिफारशीवाचून क्लबाचं सभासदत्व.

हे आमिष गोवर्धनच्या घशात पुरतं अडकलं.

तो एका जिनिंग-प्रेसिंगच्या कचेरीत कारकून होता. कंपनीचे वकील मोरोपंत. ते कोर्टात क्वचित आणि क्लबात हमखास सापडत. त्यामुळे त्यांच्या सह्या घ्यायला गोवर्धन कित्येक वर्षं क्लबाच्या व्हरांड्यात उभा राहत आला होता. आतल्या वेताच्या खुर्च्या, पंखा, पत्त्यांचं टेबल, "बॉय, लिंबूसरबत" ही हाक, हे सगळं त्याला दारातल्या पायपुसण्यापर्यंत दिसे. पायपुसण्याच्या पुढे बॉय येऊ देत नसे. त्या बॉयला एकदा आतून हाक मारावी, ह्यापलीकडे गोवर्धनला आयुष्याकडून काही नको होतं. माणसाच्या महत्त्वाकांक्षेला हसू नये म्हणतात. का ते मला कधी कळलं नाही.

तयारी त्याने पद्धतशीर केली होती. कचेरीत तो सही आधीपासूनच "जी. एन. भुयार" अशी करी, आणि गावाकडची चौकशी कोणी केली तर "थोडी इस्टेट आहे, दिवाणजी पाहतात" म्हणे. इस्टेट म्हणजे हे कोरडवाहू वावर. दिवाणजी म्हणजे चंद्रभान.

आता नकाशा शिकायचा राहिला होता. मैदानावर प्रोफेसरांनी उमेदवारांना गोल बसवून नकाशावरची उत्तर दिशा आणि खरी उत्तर जुळवायला शिकवलं. गोवर्धनने होकायंत्र विकत आणलं आणि हात मोकळे राहावेत म्हणून हँडलला बांधलं. हँडल लोखंडाचं. सुई बिचारी लोखंडाची ओढ सोडून उत्तरेकडे कशी जाणार? ती कायम सायकलच्या घंटीकडे बोट दाखवी. गोवर्धन जिकडे घंटी वळवी तिकडे उत्तर होई. असा अधिकार पूर्वी फक्त बादशहांना असे.

"आणि एक ध्यानात ठेवा," प्रोफेसर शेवटी म्हणाले होते, "वाटेत कोणाशीही बोलायचं नाही. बोलला तो बाद. ओळखीच्या माणसाची मदत घेतली, तरी बाद."

वऱ्हाडी माणूस रस्ता पुसायला थांबला की चहा घेतो, चहा घेतला की नातं निघतं आणि नातं निघालं की जेवल्याशिवाय उठता येत नाही, हे प्रोफेसरांना ठाऊक होतं. परदेशात राहूनही एवढं त्यांच्या ध्यानात राहिलं, हे कौतुकास्पद होतं.

मग ते पोहऱ्याच्या टेकड्यांपासून चांदूर रेल्वेच्या बाजूपर्यंत मोटारीतून हिंडले आणि सावली पाहून जागा नेमल्या, कारण प्रत्येक जागी एक पंच बसायचा होता आणि पंचांना ऊन बाधत असे. टेंभुर्णी गावच्या शिवारातलं आंब्याचं झाड त्यांना फारच आवडलं. ते भुयारांच्या वावराला लागून होतं. झाडाखाली खुर्ची, थर्मास आणि मोरोपंत वकील अशी मांडणी झाली. स्पर्धकाने तिथे पोचावं, पंचाने त्याच्या हँडलला रंगीत फीत बांधावी, की तो पुढे मोकळा. गोवर्धनला ती जागा नकाशावर दिसली तेव्हा त्याने नकाशा उलटा करूनही पाहिला. शेवटी त्याने ठरवलं, आपण हे गाव पाहिलेलंच नाही असं समजून जायचं. होकायंत्राने त्याला फार मनापासून साथ दिली.

"चंद्रभान, कोन हाय रे?" कपाशीच्या बाजूने आवाज आला.

पार्वताबाई, दोघांची आई, कापूस वेचता वेचता आली. कमरेला कापसाने फुगलेली ओटी, डोक्यावर पदर.

"तुयाच लेक हाय, माय. सकायपासून ज्वारी तुडवून राहिला. पुसलं त बोलत नाही."

"बाबू!" ती गोवर्धनसमोर येऊन उभी राहिली. "काहून रे बोलत नाही? बरं नाही काय तुले? भाकर खाल्ली काय?"

गोवर्धन नकाशात पाहू लागला.

"माय, ह्याले लागीर झालं," चंद्रभान म्हणाला. "नाई त बायकोनं घराबाहेर काहाडलं. आन हे डबी कायची बे? तंबाकू ठेवतं काय इच्यात?" त्याने होकायंत्रावर बोट आपटलं. सुई घाबरून गरगर फिरली आणि पहिल्यांदाच बरोबर ठिकाणी थांबली. गोवर्धनचं तिकडे लक्ष नव्हतं.

"चाल घरी," म्हणून चंद्रभानने सायकलचं हँडल धरलं. गोवर्धनने ओढलं. चंद्रभानने जास्त ओढलं. घंटी वाजली.

ती ऐकून आंब्याखालचे मोरोपंत वकील जागे झाले. छत्री उघडून ते ढेकळांतून पाय उचलत आले, तसा त्यांच्या मागे आंबा आणि आंब्याला टांगलेलं लाल निशाण गोवर्धनला दिसलं. इतका वेळ ते ज्वारीच्या पलीकडेच होतं.

"मिस्टर भुयार!" मोरोपंत म्हणाले. "हे काय चाललंय? हे लोक तुम्हाला मदत करताहेत काय?"

"मदत कायची साह्यब? भाऊ हाय आमचा," चंद्रभान म्हणाला.

मोरोपंतांनी चंद्रभानकडे पाहिलं, त्याच्या मळक्या बंडीकडे पाहिलं. मग गोवर्धनच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे पाहिलं. वकील असल्यामुळे डोळ्यांसमोरच्या गोष्टीवर विश्वास ठेवणं त्यांच्या धंद्यात बसत नव्हतं.

"नियम आहे, मिस्टर भुयार. हे तुमचे कोणी असतील तर इथेच बाद. फीत बांधता यायची नाही. आहेत का हे तुमचे कोणी?" मग त्यांना आठवलं. "बोलू नका. मान हलवा. मानेबद्दल नियमात काही नाही."

गोवर्धनने निशाणाकडे पाहिलं. मोरोपंतांकडे पाहिलं. मग त्याची मान डावीकडून उजवीकडे गेली आणि परत आली.

चंद्रभान आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग हसू अर्धवट राहिलं.

"अबे..." तो म्हणाला आणि हँडल त्याने आणखी घट्ट धरलं.

"बाई, तुम्ही ओळखता यांना?" मोरोपंतांनी विचारलं.

पार्वताबाईने गोवर्धनकडे पाहिलं. घाई केली नाही. ओटीतला कापूस एका हाताने दाबून सारखा केला.

"नाही साह्यब," ती म्हणाली. "आमचा एक लेक हाय अमरावतीले. तसाच दिसला. माह्येच डोये गेले आता, दुरून समजत नाही."

"माय!"

"सोड रे चंद्रभान. सायकल सोड त्यायची. मोठ्या मानसाच्या सायकलीले हात नाही लावू."

चंद्रभानने हात काढला.

मोरोपंतांचं समाधान झालं. साक्षीदार स्वतःहून उलटला की वकिलाला जसं व्हावं तसंच झालं. आंब्याखाली जाऊन त्यांनी गोवर्धनच्या हँडलला निळी फीत बांधली, "वेल डन" म्हणाले आणि थर्मासमधला चहा स्वतःसाठी ओतला.

स्पर्धा गोवर्धनने पुरी केली. बाकीचे उमेदवार कोणी पाहुण्यांकडे जेवायला थांबले, कोणी पंक्चर काढायला, कोणी बोलले म्हणून बाद झाले. संध्याकाळी टाळ्यांच्या गजरात तो विहार क्लबाचा सभासद झाला. वेताच्या खुर्चीत बसून त्याने बॉयला हाकही मारली. बॉय आला नाही. त्याला वाटलं, कोणीतरी व्हरांड्यातून हाक मारतंय.

पण ती झाली संध्याकाळची गोष्ट. दुपारी टेंभुर्णीच्या शिवारात, फीत बांधून तो निघाला तेव्हा पार्वताबाई आंब्याखाली येऊन उभी होती. तिने मडक्यातून लोटा भरून आणला होता.

"पाणी घ्या," ती म्हणाली.

तो प्यायला. लोटा द्यायला त्याने हात पुढे केला, तर ती म्हणाली, "ठेवा तिथीच."

चंद्रभान खाली बसला होता. एका काडीने तो टायरमधले गोखरू एकेक करून काढत होता, पाहुण्याचं जनावर दावणीला आलं तर त्याच्या खुरातले काढावेत तसे. वर पाहत नव्हता. काम झालं तसा उठला, सायकल त्याने स्वतः हातात धरली आणि पांदीच्या गाडीवाटेला लागला.

आमच्याकडे रीत आहे. पाहुणा निघाला की त्याला गावच्या शिवेपर्यंत पोचवायला जातात. घरच्या माणसाला कोणी पोचवत नाही. तो आपला उठतो आणि जातो. पुढे सायकल धरून चंद्रभान, मागे पदर सावरत पार्वताबाई आणि मध्ये गोवर्धन असे ते तिघं पांदीने चालले. बोलायची मनाई फक्त एकाला होती, पण तिघांनी पाळली.

शिवेचा दगड आला. चंद्रभानने सायकल रस्त्याकडे तोंड करून उभी केली आणि बाजूला झाला. गोवर्धन बसला. पायडलवर पाय ठेवला आणि थांबला. त्याचं तोंड थोडं उघडलंही.

एरवी तो निघाला की पार्वताबाई हातातलं काम न सोडता म्हणायची, "येजो बाबू."

ओटीतला कापूस सांडू नये म्हणून तिने तो कोपराने दाबून धरला, दोन्ही हात जोडले आणि म्हणाली, "या."