मुद्देमाल

इद्दत संपली त्या दिवशी अख्तरी कुणाकडं सलामाला गेली नाही, माहेरी गेली नाही. थेट चिकलठाण्याच्या शेडकडं निघाली. नवरा गेल्यापासून उंबऱ्याआड बसलेली बाई इतक्या महिन्यांनी ऊन अंगावर घेत होती, तर उन्हानंही जरा हळू चटका द्यावा. पण मे महिना तो. तिला कुठली माया!

नवाब गेला, अख्तरी घरात बसली. तशीच शेडमध्ये गाडी बसली. एकाच माणसाचा दुखवटा दोघींनी धरला होता.

गाडी होती अल्फा रोमिओ. इटलीत जन्मलेली, साठाच्या दशकातली, दोन माणसांपुरती. सायीचा रंग, कापडी टप, स्टेअरिंग डावीकडं. जालन्याच्या एका जिनिंगवाल्यानं कधीकाळी हौसेनं आणलेली. नवाबला सापडली तेव्हा तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. नवाबनं इंजिन जिवंत केलं. पत्रा केला त्याच्या धाकट्या भावानं, तौफिकनं. तौफिक डेंटर. हात असा की पत्र्याला मार लागतोय हे पत्र्यालाच कळू नये. लाकडी मोगरीनं टुक टुक, टुक टुक, एकेका मडगार्डला तो आठ-आठ दिवस गोंजारत बसायचा. तोच हात घरात बायकोवर पडायचा तेव्हा शेजारच्या गल्लीतली कुत्री भुंकायची. शेवटी ती लेकरं घेऊन चितेगावला बापाकडं निघून गेली, ती आलीच नाही.

नवाबनं मात्र अख्तरीला गाडी शिकवली. जुम्म्याच्या सकाळी पैठण रोडला घेऊन जायचा. म्हणायचा, क्लच असा सोड की झोपलेल्या लेकराखालून हात काढतेस. आणि एक गोष्ट त्यानं तिच्याकडून पाठ करून घेतली होती: कार्बोरेटरला आग धरली तर उतरून पळायचं नाही. सेल्फ सोडायचा नाही, अॅक्सिलेटर दाबून धरायचं. इंजिन आपली आग आपणच गिळून टाकतं.

शेडचं कुलूप तुटलेलं होतं.

आत तौफिक. बॉनेट उघडं, एअर फिल्टरचा डबा काढून खाली ठेवलेला, बॅटरी नवी बसवलेली.

"आ गई भाभी?" त्यानं वर न बघताच विचारलं. "अच्छा हुआ. चाबी दे."

"कायकू?"

"पुने का सेठ आरा चार बजे. गाडी देखने. चालू दिखी तो गाडी का भाव, नई तो भंगार का."

"किसकी गाडी बेचरा तू?"

"मेरी." आता त्यानं मान वर केली. "नवाबभाई क्या किया? चार नट कसे. इसका अंग अंग मैं ठोका. कोंबडी की बीट में से निकाला मैं इसकू."

"कागद पे नाम उनका है."

"नाम वाला मर गया ना."

"मैं नई मरी," अख्तरी म्हणाली.

तो हसला. चावी कुठं आहे ते त्याला ठाऊक होतं. या घरातल्या बाया किल्ल्या ओढणीच्या टोकाला बांधतात. त्यानं टोक धरून ओढलं. अख्तरीनं दुसरं टोक सोडलं नाही. ओढणी गळ्याभोवती आवळली, डोळ्यांपुढं काजवे नाचले, तरी मूठ सुटेना. तेव्हा त्यानं वेणी धरली आणि तोंडावर मारलं. पालथ्या हातानं एकदा, मग मुठीनं. दात ओठात घुसला. तोंडात लोखंडाची चव आली.

तिनं चाचपडत बाकावरून हाताला लागेल ते उचललं. त्याचीच हातोडी निघाली. घातली कपाळात. भुवईवरची कातडी फाटून खाली लोंबली, रक्त डोळ्यात उतरलं, आणि तौफिक एखाद्या जनावरासारखा ओरडला.

मग जे त्यानं केलं ते अख्तरी मरेपर्यंत विसरायची नाही. त्यानं तिला खांद्याला धरून उचललं. पाठीमागं गाडी होती. तर त्यानं आधी तिला चार पावलं बाजूला ओढत नेलं, गाडीला ओरखडा जाऊ नये म्हणून. आणि मग भिंतीवर आपटलं. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा तिचा मागचा दात तुटून जिभेवर आला, आणि ओढणीवरची मूठ आपोआप उघडली.

"बैठ अंदर." त्यानं तिला डावीकडच्या सीटवर ढकललं, चावी हातात कोंबली. "मैं पेट्रोल डालता, तू सेल्फ मार."

कितीतरी दिवस उभी गाडी, तिच्या नळ्यांतलं पेट्रोल उडून गेलेलं. अशा गाडीला आपल्याकडचे मिस्तरी काय करतात, तर पाण्याच्या बाटलीतून वाटीभर पेट्रोल वरून कार्बोरेटरच्या घशात ओततात. शंभरदा चालतं. नवाब भावाला नेहमी रागवायचा, अरे ही सुरू होताना आधी शिंकते, घशातून ज्वाळा बाहेर फेकते, फिल्टर लावल्याशिवाय हिच्या तोंडाशी पेट्रोल नेऊ नको.

बॉनेट वर होतं, काचेसमोर नुसता सायीच्या रंगाचा पत्रा. पलीकडं तौफिक दिसत नव्हता. त्याचा श्वास तेवढा ऐकू येत होता.

"बाटली हात में है क्या तेरे?" असं विचारायला तिचं तोंड उघडलं. रक्त गिळलं, आणि तोंड मिटलं.

"मार!"

तिनं चावी फिरवली.

गाडी शिंकली. घुप्प असा आवाज झाला, जसं कुणी ओली चादर झटकावी. पत्र्याच्या कडेनं पिवळा उजेड वर आला, आणि तौफिकची किंकाळी. बाटली त्याच्या हातातच पेटली होती. पेटलेलं पेट्रोल सदऱ्यावर, छातीवर, मनगटांवर, तिथून आग पाठीला. तो "अम्मी, अम्मी" करत शेडभर फिरायला लागला. त्याची चूल झाली होती आणि चुलीला पाय फुटले होते.

अख्तरीनं सेल्फ सोडला नाही.

अॅक्सिलेटर तळाला टेकवलं. इंजिन कण्हत होतं, फिरत होतं, धरत नव्हतं. रबर जळल्याचा वास. मग केस जळल्याचा वास, तो गाडीचा नव्हता. "भाभी!" तौफिक ओरडला. "भाभी, डाल कुछ!" गाडी झाकायची जाड गोधडी तिच्या शेजारच्या सीटवर होती, हात लांबवला की लागेल इतकी जवळ. हात लांबवायचा तर चावी सोडावी लागणार होती. चावी सोडली तर गाडी जाणार होती.

ती फिरवत राहिली. एक, दोन, किती श्वास गेले कुणास ठाऊक. आणि इंजिनानं धरलं. गर्जलं. ज्वाळा उलटी फिरून घशात गेली, नवाब म्हणायचा तशीच, आपली आग आपण गिळून.

तेव्हा ती उतरली. तेव्हा तिनं गोधडी उचलली, जमिनीवर लोळणाऱ्या तौफिकवर टाकली आणि त्याच्यावर आडवी पडली, धुमसणं थांबेपर्यंत.

शेडपुढच्या रस्त्यावर दुपारच्या वेळी कुत्रं फिरकत नव्हतं. चालू असलेली गाडी एकच होती.

जालना रोडनं ती निघाली. बॉनेटवर रंगाचे फोड आलेले, धुराचा काळा पट्टा. मुकुंदवाडी गेलं, सिडको गेलं. सेव्हन हिलच्या पुलावर दोन पोरं मोटारसायकल जवळ घेऊन मोबाइलवर शूटिंग करायला लागली. "आंटी, कौन सी गाडी है? कित्ता देती?" शेजारच्या सीटवरचा माणूस त्यांना दिसला तेव्हा त्यांनी मोटारसायकल मागं घेतली. तौफिकनं दोन्ही हात पुढं अधांतरी धरले होते. बोटांवरची कातडी मोज्यासारखी सुटून लोंबत होती. पाठ सीटच्या जुन्या चामड्याला चिकटली होती. खड्डा आला की सुटायची आणि तो गुरासारखा हंबरायचा.

क्रांती चौकाच्या सिग्नलला तो बोलला. हलक्या आवाजात, अगदी व्यवहाराचं बोलावं तसं.

"भाभी. पुलिस पूछेंगी. स्टोव भडका बोलना."

अख्तरीनं क्लच दाबून धरला.

"केस हुई तो गाडी मुद्देमाल में जाती. ठाने के मैदान में. वो करीमभाई की जीप देखी ना? झाड उगा उसमें." त्याचे दात वाजत होते. "तेरी रहो, मेरी रहो, वो बाद में देखेंगे. पर इसकू सडाना नक्को."

तिनं गिअर टाकला. गिअर अगदी अलगद पडला. इतक्या मारानंतरही तिचा हात गाडीशी मऊच होता.

घाटीच्या सरकारी दवाखान्यात तौफिकला जळीत वार्डात घेतलं. अख्तरीच्या ओठाला टाके पडले. मग हवालदार बाई आल्या, रत्नमाला बनसोडे. काखेत फाइल, कपाळावर घाम. खुर्ची ओढून तौफिकच्या खाटेजवळ बसल्या. अख्तरी पायथ्याशी उभी होती.

"काय झालं, सांगा."

"स्टोव्ह भडकला," तौफिक म्हणाला. मराठीत, स्वच्छ.

बनसोडेबाईंनी पेन उचललं आणि तसंच धरून ठेवलं. "माझी सतरा वर्षं झाली नोकरीला. स्टोव्ह भडकला म्हणून सांगणाऱ्या सगळ्या बायाच पाहिल्या मी. बाप्या पहिला तुम्हीच. चहा करत होता का?"

"हौ."

"आन् कपाळ?"

"पडलो."

"आन् ह्यांचं तोंड?"

"ती बी पडली. घाबरून."

बाईंनी अख्तरीकडं पाहिलं. तौफिकही पाहत होता. त्याच्या डोळ्यांत आज पहिल्यांदा विनवणी होती. पण ती त्याच्या जिवासाठी नव्हती, तिच्यासाठी तर नव्हतीच. खाली आवारात, लिंबाच्या झाडाशी, लोकांच्या गराड्यात उभ्या असलेल्या गाडीसाठी होती. अख्तरीला एकदम कळलं, की ही नजर ती ओळखते. शेडमध्ये, चावी धरून बसलेली असताना, हीच नजर तिच्या स्वतःच्या डोळ्यांत असणार. माणूस जळत होता आणि ती इंजिनाचा आवाज ऐकत होती.

होकार दिला तर गाडी वाचेल. तौफिक बरा होईल, येईल, पुन्हा वेणी धरेल. पुन्हा कुणीतरी जळेल. आणि पुन्हा दोघं मिळून स्टोव्हचं नाव सांगतील.

"स्टोव्ह नव्हता, बाई," ती म्हणाली.

"भाभी!"

"यानं मला मारलं. दात पाडला. मी त्याच्या कपाळात हातोडी घातली. मग यानं पेट्रोल ओतलं आन् चावी मी फिरवली."

"सड जाएंगी वो!" तौफिक खाटेवर उठायला धडपडला, सिस्टरनं त्याला दाबून धरलं. "पागल औरत! धूप में सड जाएंगी!"

बनसोडेबाईंनी आवाज खाली आणला. "चावी तुम्ही फिरवली, एवढं लिहिते. काय व्हईल ते तुम्हाला ठाऊक नव्हतं ना?"

"ठाऊक व्हतं."

"बाई, नीट इचार करा. तुमच्यावर बी कलम लागंल."

"लागू द्या. आन् तो पेटला तवा मी आधी गाडी इझवली, मग त्याला. तेबी लिहा."

पेन चाललं. खाटेवर तौफिक रडत होता, हुंदके देऊन, लेकरू गेल्यासारखा. अख्तरीला रडू आलं नाही. टाक्यांवर ताण येत होता.

गाडी ठाण्यापर्यंत न्यायची कुणी, हा प्रश्न आला. शिपाई दार उघडून बसला, उजवीकडं स्टेअरिंग शोधत राहिला, खाली उतरला. "तुम्हीच आणा," बनसोडेबाई म्हणाल्या आणि शेजारी बसल्या, चामड्यावर जिथं डाग नव्हता तेवढ्या कडेवर, गुडघे छातीशी घेऊन. वाटेत त्या एकदाच बोलल्या: "लई मऊ चालती हो."

ठाण्याच्या मैदानात वाळूचे हायवा ट्रक, चेपलेल्या रिक्षा, मोटारसायकलींचा ढीग, ढिगातून वर आलेली बाभूळ. सावली कुठंच नव्हती. अख्तरीनं भिंतीकडेची जागा बघून गाडी लावली, इंजिन बंद केलं आणि चावी पुढं केली.

शिपाई गुन्ह्याचा नंबर टाकायला लाल रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन आला. बॉनेटपाशी वाकला.

"काचेवर लिहा," ती म्हणाली. मग क्षणभरानं, "नाय, राहू द्या. लिहा कुठंबी."

बनसोडेबाईंनी चावी पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. "चला आत. तुमचा जबाब पुरा करायचाय."

"चला," अख्तरी म्हणाली, आणि मैदानाकडं पाठ करून पायऱ्या चढली.